रविवारचे कोरडे पाय

थंडी आणि पाऊस हातात हात घालून आले की माझ्या दुकानात बुटांची कव्हरं घ्यायला झुंबड उडते. झुंबड म्हणजे चार माणसं. सायकलचं दुकान आहे, सोन्याचं नव्हे. प्रत्येक जण घरूनच ठरवून आलेला असतो. शेजाऱ्याने काळी घेतली, मलाही तीच द्या. शेजाऱ्याचे पायही उसने आणलेत का, असं मी विचारते. मी फटकळ आहे हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी लोक येतात, कारण अर्ध्या वाटेत मोजे भिजून पाय बधिर झाले की त्यांना माझी आठवण होते.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सायकलवरून उतरता किती वेळा? घरून निघून थेट कामावर जाणाऱ्याला जाड रबरी कापडाचं कव्हर द्यावं, बुटाला घट्ट चिकटून बसणारं, मागे टाचेवर झिप असलेलं. ते चढवताना घाम फुटतो, पण एकदा चढलं की आत पाणी शिरत नाही आणि ऊबही राहते. दर गल्लीत उतरणाऱ्याला ते देऊन उपयोग नाही. चालून चालून त्याचा तळ फाटतो, आणि दर दारात झिपशी झटापट कोण करणार? त्याला आपलं रेनकोटच्या कापडाचं, सैलसर, चिकटपट्टीचं. ते पाणी अडवतं, थंडी अडवत नाही. दोन्ही अडवणारं आणि वर चुटकीसरशी निघणारं कव्हर अजून कुणी काढलेलं नाही. काढलं तर पहिला जोड मी घेईन.

घरपोचला मी हाच प्रश्न विचारला. तो दारातच उभा होता, कारण त्याच्या बुटांतून पाणी गळत होतं आणि माझी फरशी नुकतीच पुसून झाली होती. तो म्हणाला, "माणसं बोलावतील तितक्यांदा, वहिनी."

घरपोच हे अर्थात त्याचं नाव नाही. तो घरोघरी जाऊन केस कापतो, दाढी करतो. तेही सगळ्यांची नाही. ज्यांना दुकानापर्यंत जाता येत नाही त्यांची. अंथरुणाला खिळलेले, मांडीचं हाड मोडलेले, शेवटच्या दुखण्यातले. दूध घरपोच, औषधं घरपोच, तसे केसही घरपोच, म्हणून कुणीतरी थट्टेने हे नाव ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहोजाहो करते. पाठीमागे घरपोच आणि अरेतुरे. इथे पाठीमागचंच चालू द्या.

माझा नवरा आजारी होता तेव्हा तो आमच्याकडे येत असे. पहिल्या दिवशी दार उघडलं तर हा माणूस बूट काढून दोन्ही हात काखेत घालून पॅसेजमध्ये उभा. आत या म्हटलं तरी हलेना. मला वाटलं, हा काय आता मुहूर्त बघतोय की काय. तर म्हणाला, "हात गार आहेत वहिनी, थांबतो जरा." मग आत येऊन वस्तऱ्याचं पातंही त्याने तळहातावर धरून कोमट केलं. आजारी माणसाच्या मानेला गार लोखंड लागलं की तो दचकतो, आणि एकदा दचकला की दिवसभर धास्तावलेला राहतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्या दिवसांत माझा नवरा माझ्या हातून पाणीसुद्धा धड प्यायचा नाही, सारखा चिडायचा. पण घरपोचच्या हातात डोकं दिलं की खुर्चीतच झोपी जायचा. मी दाराशी उभी राहून बघत असे. मला त्या हातांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

असा हा माणूस. दिवसभर लोकांच्या डोक्याला, गालाला, मानेला हात लावणार. त्याला कोण लावतं? लग्न केलं नाही. विचारलं तर "राहून गेलं" म्हणतो, जशी काही छत्री बसमध्ये राहून गेली. लाँड्रीच्या वर एका खोलीत राहतो. स्वतःचे केसही स्वतःच कापतो, पुढे एक आरसा आणि मागे एक लावून, त्यामुळे मागची बाजू कायम तिरकी असते. दुसऱ्या कुणाकडून कापून घ्या की, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणे, सवय नाही. त्याची गिऱ्हाइकंही टिकणारी नसतात. एखाद्या घरी चांगलं येणं-जाणं सुरू होतं, चहा होतो, दोन गोष्टी होतात, आणि एका सकाळी तो घंटी वाजवतो तर दार उघडणाऱ्या माणसाचे डोळे सुजलेले असतात. मग तो बूट न काढताच मागे फिरतो. आमच्या घरूनही तो असाच मागे फिरला होता.

तर त्या दिवशी मी फरशीची पर्वा सोडली, त्याला हाताला धरून आत आणलं, स्टुलावर बसवलं आणि बूट-मोजे काढायला लावले. डाव्या पायाची करंगळी काळीनिळी झाली होती आणि शेजारचं बोट सुजून चकाकत होतं.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. पायात रक्त नीट पोचत नाही म्हणाले. कोरडे आणि गरम ठेवा म्हणाले."

"आणि नाही ठेवले तर?"

"तर करंगळी काढावी लागेल. पुढचं नंतर बघू म्हणाले." हे त्याने, कुणाच्या तरी मिशीबद्दल बोलावं, अशा थाटात सांगितलं. "सायकल बंद केली तर उत्तम, असंही म्हणाले."

"मग करा बंद."

"रोजची करीन. लांबची घरं सोडून देईन, जवळच्यांकडे चालत जाईन. रविवारचं काय करू?"

रविवारी तो नदीपलीकडे जातो. तिथे टेकडीवर एक मोठं घर आहे, ज्यांचं घरी करणारं कुणी नाही अशा माणसांसाठी. त्याचा थोरला भाऊ, दादा, तिथे असतो. दादा लाकडी शिड्या बनवायचा. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली आणि सोबत वाचाही घेऊन गेली. भेटायला सोडतात ते रविवारी, आणि नेमकी रविवारीच त्या बाजूला बस नसते. पूल लांबलचक आहे, वारा आडवा लागतो, आणि पुलानंतर उभा चढ. पाऊस असेल तर घरपोच तिथे पोचतो तेव्हा नखशिखान्त भिजलेला असतो.

"थंडीचे दोन-तीन महिने नाही गेलात तर काय आभाळ कोसळेल?" मी म्हणाले.

"दादा वाट बघतो."

"त्यांना बोलता येत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

तो ओला मोजा पिळायला लागला. कुठे काय विचारावं याचं भान माझ्या तोंडाला कधीच नसतं. मला माझाच राग आला.

म्हणजे मामला सरळ होता. करंगळी वाचवायची आणि रविवारही वाचवायचा. दोन्ही वाचवायचं तर बुटांची कव्हरं नीट निवडायला हवी होती, आणि ते काम माझं होतं. मी कपाटातले सगळे जोड काउंटरवर मांडले. नुसत्या चवड्यावर टोपीसारखी बसणारी छोटी कव्हरं असतात, ती आधीच बाजूला सारली. ती हौशी लोकांसाठी, ऊन पडल्यावर घालायला. घरपोचने रेनकोटच्या कापडाची उचलली. म्हणाला, ही बरी, झटकन निघतात, कुणाच्या दारात खोळंबा नको.

"रविवारी दारं किती?"

"एकच."

"मग झटकन काढून कुठे पळायचंय?"

"सवय आहे वहिनी."

मीही हट्टाला पेटले नाही, तिथे चुकलं. थोड्याच दिवसांत तो परत आला तेव्हा त्या कव्हरांचे तळ फाटून लोंबत होते. रोजच्या घरी जातानाही त्याने तीच घातली होती, दारोदार उतरून चालला होता. पाय होते तसेच गार आणि वर थोडे ओलेही. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. आजाऱ्यांच्या घरातली चिडचिड रोज ऐकणारा माणूस, त्याला माझं काय वाटणार?

या खेपेला मी निवड त्याच्यावर सोडलीच नाही. बूट काढायला लावला, तोच काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर एकेक जाड कव्हर चढवून बघितलं. कव्हर पायाच्या मापाने घ्यायचं नसतं, बुटाच्या मापाने घ्यायचं असतं. त्याच्या बुटाचा तळ जाड आणि चवडा रुंद, त्यामुळे त्याच्या नंबरचं कव्हर टाचेवर मिटेना. झिप अर्ध्यात अडकायची. त्याच्यावरचा नंबर बरोबर बसला. सुरकुती नाही, ताण नाही. मी ते काढून त्याच्या हातात दिलं, तर त्याने आत हात घातला आणि तसाच ठेवला.

"आत मऊ आहे," तो म्हणाला. "हात गरम होतो."

"पायही होईल. फक्त रविवारी घालायची, रोज नाही. आणि नीट ऐका, पँट कव्हराच्या वर सोडायची. आत खोचायची नाही. खोचली की पँटीवरून निथळणारं पाणी थेट कव्हरात उतरतं, आणि मग ते बाहेर पडायला वाट नसते. पायाला बादली बांधून पेडल मारल्यासारखं होतं. निम्मी जनता हीच चूक करते आणि येऊन माझ्याशी भांडते."

"वर सोडायची," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी दुकान उघडत होते तर हा हजर. त्या रविवारी दिवसभर पाऊस झोडपत होता. मी कुलूप तसंच सोडून विचारलं, "काय झालं?"

"कोरडे, वहिनी. पावडर लावल्यासारखे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी दुकानात जो येईल त्याला मी घरपोचच्या पायांची हकिगत ऐकवली. एक जण नुसता पंक्चर काढायला आला होता, त्यालाही सोडलं नाही. घरपोच मात्र हसला नव्हता. मला वाटलं, याचा चेहराच तसा, याच्या तोंडावर सणासुदीलाही सुतक.

त्यानंतर तो दुकानात फिरकेना. रस्त्याने जाताना दिसायचा, पण समोरच्या फुटपाथच्या बाजूने, मान खाली घालून. मी म्हटलं, असेल कामात. मग एका रविवारी दुपारी मी भाजी घेऊन येत होते. पाऊस चांगलाच लागला होता. चौकात सिग्नलला घरपोच उभा दिसला, तोंड पुलाकडे. पायात माझीच कव्हरं. आणि पँटीचे दोन्ही पाय आत खोचलेले. वाऱ्याने अडकलेले नव्हते, घाईत राहिलेलेही नव्हते. घडी घालून, व्यवस्थित, चारी बाजूंनी खोचलेले होते.

मी रस्त्याच्या पलीकडून ओरडले, "अहो भाऊजी! पँट!" त्याने माझ्याकडे बघितलं. ऐकू आलं होतं हे नक्की. सिग्नल सुटायच्या आधीच त्याने पेडल मारलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी लाँड्रीचा जिना चढले. इतक्या वर्षांत त्याच्या खोलीवर कधी गेले नव्हते. जिन्यात इस्त्रीच्या वाफेने घाम आला, आणि वर त्याच्या खोलीत हुडहुडी भरली. एक खाट, एक खुर्ची, खिडकीशी दोन आरसे. त्याने खुर्ची मला दिली आणि स्वतः खाटेवर बसला. डावा पाय फडक्यात गुंडाळलेला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आणखी एकदा असा भिजला तर काढणार म्हणाले."

"आणि तुम्ही मुद्दाम भिजवताय!" मी उठलेच. "मी काय वेडी म्हणून बूट काउंटरवर घेऊन बसले होते? लोकांची मान दचकू नये म्हणून पातं गरम करता, आणि स्वतःच्या पायाची ही अक्कल? डोकं फिरलंय का तुमचं?"

तो पायावरचं फडकं सारखं करत बसला. मी निघून जाईन अशी त्याला आशा असावी. मी गेले नाही.

"कव्हरं चांगली आहेत वहिनी," शेवटी तो म्हणाला. "कव्हरांचा दोष नाही."

मग त्याने सांगितलं. सलग नाही, विचारावं तेव्हा एक वाक्य, असं. गेल्या थंडीत पहिल्यांदा तो भिजून दादाकडे पोचला होता. मोजे पिळायला खाली बसला तर दादाने चालत्या हाताने खूण केली, इकडे ये. काही हवंय असं वाटून तो जवळ गेला, तर दादाने वाकून त्याचा पाय ओढला, मांडीवर घेतला, आणि टॉवेलने पुसायला लागला. एका हाताने. एकेक बोट करून, दोन बोटांच्या मध्ये टॉवेलचं टोक घालून. मग दुसरा पाय.

"तेव्हापासून दर पावसाच्या रविवारी," तो म्हणाला. "मी पोचायच्या आधीच टॉवेल मांडीवर घेऊन बसलेला असायचा. आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेतलं नाही वहिनी. हात लागायचा तो मार खाताना. दादाने तर मला कधी मारलंही नाही."

"मग?"

"मग तुमची कव्हरं घालून गेलो. बूट काढले. दादाने मोज्याला हात लावून बघितला. कोरडा. मग त्याने टॉवेलची घडी केली. एका हाताने घडी घालायला वेळ लागतो. मी बघत बसलो. पुढच्या रविवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी टॉवेल खुंटीवरच होता. मग मी पँट आत खोचून जायला लागलो; आता ओला पाय दिसला की तो खुंटीकडे खूण करतो."

खालून इस्त्रीचा आवाज येत होता. मी आपली त्याच्या त्या फडक्याकडे बघत राहिले. मग मला वाटलं, हा गुंता इतका अवघड नाही.

"कोरडा असला म्हणून काय झालं?" मी म्हणाले. "मोजा काढायचा आणि द्यायचा पाय त्यांच्या मांडीवर."

"काय म्हणून?"

"म्हणायचं, गार पडलाय."

"गार पडत नाही ना. तुमच्या कव्हरात ऊब राहते."

"मग खोटं बोला!"

"दादाशी?" त्याने असं विचारलं की जणू मी त्याला घर फोडायला सांगितलं होतं. मग खाली बघून म्हणाला, "ओला पाय असला की काही बोलावं लागत नाही. कोरड्या पायाचं काय सांगू? साठीला आलेल्या माणसाने भावाला काय म्हणायचं वहिनी? मला जरा हात लाव, असं म्हणायचं?"

मी तरी कुणाला म्हटलं असतं का? पण करंगळीचं फडकं डोळ्यांसमोर होतं आणि मला राग आवरेना.

"आणि त्यांचं काय?" मी म्हणाले. "तुमचंच घोडं दामटताय. त्यांना दिवसभर दुसरे भरवतात, दुसरे उठवतात, दुसरे कपडे घालतात. तुम्हीसुद्धा जाऊन त्यांची दाढी करता. त्यांच्या हातून कुणाचं होतं ते हे एकच काम. आता भिजत राहा, बोट काढू दे, मग पाय काढू दे. सायकल गेली की रविवारही गेला. मग पुसतील कुणाचे पाय?"

मी जिना उतरायच्या आधी सांगून टाकलं, येत्या रविवारी मी बरोबर येणार.

रविवारी पाऊस होताच. चौकात भेटल्याबरोबर मी खाली वाकले आणि भर रस्त्यात त्याच्या पँटीचे पाय कव्हरांतून ओढून बाहेर काढले, वर नीट सोडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. मग आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. पुलावर वाऱ्याने मला दोनदा कठड्याकडे ढकललं, आणि चढावर तर उतरून चालावं लागलं. हा माणूस हे दर आठवड्याला, एकट्याने, अशा पायांनी करतो, हे तोवर मला फक्त ऐकून माहीत होतं. अंगातून कळ गेल्यावर खरं कळलं.

त्या घरात शिरल्यावर औषधांचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास आला. दादाच्या खोलीबाहेर घरपोचने झिप खाली ओढून कव्हरं काढली, बूट काढले, आणि दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला. मीही मुकाट्याने थांबले.

दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. मोठ्या हाडापेराचा माणूस, चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. मग त्याची नजर भावाच्या पायांकडे गेली. मोजे कोरडे होते. त्याने नजर काढून घेतली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. टॉवेल खुंटीवर होता.

घरपोचने काम सुरू केलं. फडकं गळ्याभोवती, कोमट पाणी, साबणाचा फेस, तळहातावर धरलेलं पातं. उतरलेल्या गालाची कातडी त्याने दोन बोटांनी इतकी हळू ताणली की मला माझ्या नवऱ्याची दाढी आठवली आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. दाढी झाली. मग कानाजवळचे केस, मग मान. सगळं आटोपलं. त्याने फडकं झटकलं, पातं पुसलं, पेटी बंद केली. बाहेर भेटीची वेळ संपत आल्याचं कुणीतरी सांगून गेलं. त्याने बूट उचलला आणि एक पाय आत घातला.

मी जीभ दातांखाली धरली होती, खरोखरची. आता बोलले तर सगळं विस्कटेल, एवढी अक्कल मला त्या क्षणी कुठून आली कोण जाणे.

त्याने बुटातून पाय परत काढला. दादासमोर पलंगाच्या कडेवर बसला. मोजे काढले, एक, मग दुसरा, आणि हातात धरून बसला.

"दादा," तो म्हणाला. खाकरून पुन्हा म्हणाला, "दादा, पाय गार पडलेत."

दादा हलला नाही. मग त्याचा डावा हात पुढे आला. घरपोचने पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. दादाने तळपायावर तळहात टेकवला आणि तिथेच ठेवला. माझ्या कव्हरांतून निघालेला पाय किती गरम असतो हे मला माहीत आहे. दादालाही कळलं. त्याने मान वर करून धाकट्या भावाकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मला वाटलं, आता तो पाय बाजूला सारणार.

त्याने हनुवटीने मला खुंटी दाखवली.

मी टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. आणि दादाने तो कोरडा ठणठणीत पाय पुसला. अंगठ्यापासून सुरुवात केली. दोन बोटांच्या मध्ये टॉवेलचं टोक घातलं, फिरवलं, काढलं. काळ्या करंगळीशी आला तेव्हा थांबला, आणि मग नुसतं टिपलं, दुखू नये म्हणून. मध्येच त्याने टॉवेल उलटा केला आणि कोरडी बाजू वर घेतली. मग मांडीवर थाप मारली, दुसरा पाय आण म्हणून. घरपोच छताकडे बघत होता. डोळ्यांतलं पाणी त्याच्या मानेवरून शर्टात चाललं होतं आणि ते पुसायला तो हात उचलत नव्हता.

मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले.

आम्ही परत निघालो. पुलावर वारा पडला होता, म्हणून सोपं गेलं. लाँड्रीच्या वळणावर तो थांबला आणि म्हणाला, "बोट वाचेल बहुतेक." मी म्हणाले, "वाचायलाच हवं." तो जिन्याकडे वळला. अजून उजेड होता.

घरी येऊन मी कव्हरं काढली, बूट काढले, मोजे काढले आणि पलंगावर बसून दोन्ही पाय हातांनी चाचपून बघितले. आत थेंबही शिरला नव्हता. पाय चांगले गरम होते. गार पडलेत असं खोटं सांगायला घरात कुणी नव्हतं.